शाळा झेडपीची का संस्थेची?

शाळेत शिरून कोणी गुरुजींची कॉलर धरली की विदर्भातल्या तालुक्याच्या ठाण्यात ठाणेदारांचा पहिला प्रश्न 'किती लागलं?' हा नसतो. 'शाळा झेडपीची का संस्थेची?' हा असतो. मार खाऊन आलेल्या माणसाला तो झोंबतो. पण पुढचा सगळा खटला त्याच्या उत्तरावर उभा राहतो.

भारतीय दंड संहिता १८६० ची, अंमल १ जानेवारी १८६२ पासून ३० जून २०२४ पर्यंत. तिच्यातलं कलम ३५३, म्हणजे लोकसेवकाला कर्तव्यापासून अडवण्यासाठी हल्ला किंवा बळजोरी. वसुलीचा कारकून, समन्स घेऊन आलेला बेलिफ, पोलीस शिपाई यांच्या अंगावर कोणी जाऊ नये, हा त्यामागचा राज्यकर्त्याचा हिशेब. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. दुखापत झाली तर कलम ३३२, तीन वर्षं. जबर दुखापत असेल तर ३३३, दहा वर्षांपर्यंत. शाळामास्तराचा यात कुठे उल्लेख नाही.

मास्तर या सावलीत आला तो मागच्या दाराने. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात १९४८ च्या कायद्याने जनपद सभा, म्हणजे तेव्हाच्या स्थानिक स्वराज्य संस्था, आल्या. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू होऊन गावोगावच्या प्राथमिक शाळा त्यांच्या झाल्या. पाठोपाठ १९६४ मध्ये संहितेच्या कलम २१ मधली लोकसेवकाची व्याख्या दुरुस्त झाली आणि स्थानिक प्राधिकरणाच्या नोकरीत किंवा पगारावर असलेला माणूस तिच्यात स्पष्ट बसला. म्हणजे झेडपीच्या गुरुजींना हे संरक्षण मिळालं ते पोरं शिकवतात म्हणून नाही, जिल्हा परिषदेच्या पगारपत्रकात नाव आहे म्हणून.

एकाच मोटरसायकलवर डबलसीट येणारे दोन शिक्षक घ्या. एक झेडपीच्या शाळेत उतरतो, दुसरा अर्धा किलोमीटर पुढे संस्थेच्या हायस्कुलात. दोघांच्याही कानाखाली कोणी वाजवली, तर जुन्या संहितेत पहिल्याच्या बाबतीत ३५३. दुसऱ्याची शाळा विनाअनुदानित असेल तर साधं ३२३: एक वर्षापर्यंत शिक्षा, तीही अदखलपात्र. ठाण्यात एनसीची पावती हातात पडते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत. अनुदानित शाळेचं त्रांगडं आणखी वेगळं. पगार शासनाचा, नेमणुकीचा आदेश संस्थेचा. मग हा लोकसेवक की नाही, यावर वकील दोन्ही बाजूंनी भांडतात. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा कायदा आहे, पण तो सेवाशर्तींचा. मारहाणीत तो कामाला येत नाही.

लोकसेवक ठरलं तरी 'कर्तव्यावर होते' हे दाखवावं लागतं. इथे हजेरीचं मस्टर आणि हालचाल रजिस्टर कामाला येतात. बसस्टँडवर मारहाण झालेल्या एका मुख्याध्यापकांच्या कागदांत मी त्या रजिस्टरचं पान पाहिलंय. निळ्या शाईत एकच ओळ: 'पं.स. सभा, ११.१०', म्हणजे पंचायत समितीची सभा. रोज कंटाळत भरायची ती ओळ त्या दिवशी पुरावा झाली. अर्थात, आधी केलेल्या सरकारी कामाचा राग धरून नंतर गाठून मारलं, तरी ते या कलमात बसतं. फक्त तो राग कशाचा होता, हे सिद्ध व्हावं लागतं.

नुसत्या शिव्यांना मात्र ३५३ नाही. माणिक तनेजा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे सांगितलं: हल्ला किंवा बळजोरी नसेल तर हे कलम लागत नाही. अडथळ्याचं खरं कलम १८६, शिक्षा जेमतेम तीन महिने, आणि त्यासाठी त्या नोकराने किंवा त्याच्या वरिष्ठाने न्यायालयात लेखी तक्रार करावी लागते. एवढा खटाटोप कोण करणार? म्हणून फिर्यादीत ओढाताणीचं एखादं वाक्य येतं आणि ३५३ चिकटतं.

हे चिकटणं पुढे फार महाग झालं. महाराष्ट्राने दुरुस्ती करून जून २०१८ पासून ३३२ आणि ३५३ या दोन्ही कलमांची शिक्षा पाच वर्षांपर्यंत नेली आणि खटला सत्र न्यायालयाकडे दिला. कर्मचारी संघटनांना हायसं वाटलं, लोकप्रतिनिधींनी गैरवापराची ओरड केली. माझ्या मते दोघांचंही खरं होतं. गावात भांडण सुरू होतं ते 'मास्तर, माह्या पोराले काहून मारलं?' इथून. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे आणि त्याचं कलम १७ मुलाला शारीरिक शिक्षा करायला सरळ मनाई करतं. म्हणजे विचारायला आलेल्या बापाचा प्रश्न कायद्याला धरूनच असतो. त्याने हात उगारला की मात्र पारडं फिरतं, आणि रोजमजुरीवर जगणारा माणूस जामिनासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालू लागतो.

डॉक्टरांसाठी राज्याने २०१० मध्ये आणि पत्रकारांसाठी २०१७ मध्ये वेगळे कायदे केले. दोन्हींत तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. शिक्षकांसाठी तसा कायदा झाला नाही.

१ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात. त्या वर्षी पहिली घंटाही त्याच दिवशी झाली. ३५३ चं १३२ झालं आणि शिक्षा परत दोन वर्षांवर आली, कारण महाराष्ट्राची दुरुस्ती जुन्या संहितेला होती आणि ती संहिताच गेली. दुखापत केल्यास कलम १२१, आता देशभर पाच वर्षांपर्यंत. गुन्हा ३० जून २०२४ पर्यंतचा असेल तर माप जुनंच. उन्हाळ्यात कॉलर धरणाऱ्याला पाच वर्षांची टांगती तलवार, शाळा उघडल्यावर धरणाऱ्याला दोन. ठाण्यातले लोक बोलताना अजूनही 'तीनशे त्रेपन्न लावा' म्हणतात आणि लिहिताना १३२ लिहितात.