घरबसल्या एलएलबी? खुलासा

‘पत्राने एलएलबी करा, मग सनद (वकिलीचा परवाना) घ्या,’ हे निपाणी-खानापूर भागात वर्षानुवर्षं ऐकू येतं. हे खरं नाही. वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या नियमांनुसार वकिलीसाठी एलएलबी नियमित वर्गांतूनच हवी. प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरी मागितली आहे. दूरशिक्षणाचा कायद्याचा डिप्लोमा ज्ञानापुरता ठीक, पण त्यावर सनद मिळत नाही. फी भरण्याआधी एवढं नक्की तपासा.

उलट गैरसमज जास्त नुकसान करतो. बारावीनंतर नोकरी सांभाळून बाहेरून बीए केलेल्या मुलींना ‘तुला लॉ बंद’ म्हणून घरी बसवतात. तसं मुळीच नाही! दहावी-बारावी रीतसर करून दूरशिक्षणाने घेतलेली मान्यताप्राप्त पदवी तीन वर्षांच्या एलएलबीला चालते. गुणांची अट मात्र पाळावी लागते. बेळगावात राजा लखमगौडा लॉ कॉलेज आहेच, चौकशी तिथेच करा.