गाड्या दुप्पट, वेळ निम्मा?

नव्या रुग्णवाहिका आल्या की वर्तमानपत्रात ठरलेला फोटो येतो. गाड्यांची रांग, फोडलेला नारळ, बॉनेटला लिंबू-मिरची. खाली ठरलेलं वाक्य: गाड्या दुप्पट झाल्या, आता मदत निम्म्या वेळात पोहोचणार. लिंबू-मिरचीनं सिग्नल हिरवा होत नाही हे सांगायला विज्ञान लेखक नको. पण त्या वाक्याचं काय?

100 चौरस किलोमीटरचं शहर घ्या. त्यात 4 गाड्या सारख्या अंतरावर उभ्या केल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला 25 चौरस किलोमीटर, म्हणजे 5 किलोमीटर बाजूचा चौरस येतो. गाड्या 8 केल्या की वाटा साडेबारा, बाजू साधारण साडेतीन किलोमीटर. निम्मी नाहीच. ती अडीच व्हायला 16 गाड्या लागतात. वाटणी क्षेत्रफळाची होते, गाडी मात्र लांबी कापते. मध्ये वर्गमूळ येऊन बसतं.

न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलासाठी काम करताना पीटर कोलेसार आणि एडवर्ड ब्लम यांनी 1973 साली हा वर्गमुळाचा नियम मांडला. तिथे बंबांच्या फेऱ्या स्टॉपवॉच लावून मोजल्या गेल्या, आणि त्यातून मला सगळ्यात आवडणारी गोष्ट निघाली. अंतर कमी असेल तर बंब पूर्ण वेग गाठतच नाही. अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवतो, उरलेल्या अर्ध्यात कमी करतो. शाळेतलं s = ½at² आठवा: अशा फेरीला लागणारा वेळ अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. आणि अंतर स्वतःच गाड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात! वर्गमुळाचं वर्गमूळ, म्हणजे चौथं मूळ. छोट्या अंतरांच्या दाट वस्तीत गाड्या दुप्पट केल्या तर प्रवासाचा वेळ जेमतेम 16 टक्क्यांनी घटतो. तो निम्मा करायला 16 पट गाड्या लागतील.

हेच उलट वाचलं तर एखादं पथक बंद केल्यानं फारसं बिघडत नाही असं दिसतं. पैशाची तंगी असलेल्या न्यूयॉर्कनं ते तसंच वाचलं, आणि 1970 च्या दशकात दक्षिण ब्राँक्ससारख्या गरीब, सतत पेटणाऱ्या भागांतली काही पथकं बंद केली. तिथले बंब आधीच एका आगीवरून थेट दुसरीवर धावत होते. तो निर्णय आजही वादाचा विषय आहे.

कारण सूत्रातली संख्या मालकीच्या गाड्यांची नाही, त्या क्षणी मोकळ्या असलेल्यांची आहे. समजा शहरात 20 रुग्णवाहिका आहेत, तासाला 10 फोन येतात आणि एका फेरीला एक तास लागतो. मग सरासरी 10 गाड्या अडकलेल्या, 10 मोकळ्या. आता रुग्णालयात खाट मिळेना, स्ट्रेचर रुग्णासकट व्हरांड्यात अडकलं आणि फेरी 96 मिनिटांची झाली. अडकलेल्या 16, मोकळ्या फक्त 4. पुढचा फोन करणाऱ्यापर्यंतचं अंतर दीडपटीहून जास्त वाढलं, आणि एकही गाडी बिघडलेली नाही, एकही चालक रजेवर नाही. पूर्वीइतक्या 10 गाड्या मोकळ्या हव्या असतील तर आणखी 6 विकत घ्या, नाहीतर ते स्ट्रेचर 36 मिनिटं आधी सोडा.