ट्यूबलाइटची निवड

घर, दुकान किंवा कारखान्याच्या उजेडासाठी प्रतिदीप्त नळीदिवा निवडण्याची व्यावहारिक पद्धत. बोलीत या दिव्याला ट्यूबलाइट किंवा नुसते ट्यूब म्हणतात. निवड एकट्या काचेच्या नळीची नसते. तिच्याबरोबर चोक, स्टार्टर, होल्डर आणि हे सगळे जिच्यावर बसते ती पत्र्याची पट्टी असा सगळा संच घ्यावा लागतो. सांगली, मिरज, कराड किंवा साताऱ्याच्या इलेक्ट्रिकल दुकानात गिऱ्हाईक बहुधा नळी कोणत्या कंपनीची हे विचारते आणि चोकच्या बाबतीत ‘असेल तो द्या’ म्हणून मोकळे होते. वास्तविक ट्यूब लागत नाही, फडफडते किंवा गुणगुणते या तक्रारींचे मूळ बरेचदा चोक, स्टार्टर किंवा ढिल्या होल्डरमध्ये सापडते.

नळीत कमी दाबाची पाऱ्याची वाफ आणि आर्गॉनसारखा निष्क्रिय वायू असतो. दोन्ही टोकांना टंगस्टनची वेटोळी असून त्यांवर इलेक्ट्रॉन सोडणारा लेप असतो. विद्युत् विसर्जन सुरू झाले की पाऱ्यापासून मुख्यतः २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे अदृश्य जंबुपार (अल्ट्राव्हायोलेट) किरण निघतात आणि काचेच्या आतील पांढरी भुकटी त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करते. बटण दाबल्यावर स्टार्टरमधील द्विधातू पट्टी तापून वाकते, वेटोळ्यांतून प्रवाह जाऊन ती गरम होतात आणि पट्टी निवून सुटताच चोक उच्च विद्युत् दाबाचा (व्होल्टेजचा) झटका देतो. पुढे प्रवाह बेताचा ठेवण्याचे कामही चोकच करतो. चोकविना नळी थेट वीजपुरवठ्याला जोडली, तर पेटल्यावर तिच्यातील प्रवाह अनिर्बंध वाढत जातो. व्यापारी स्वरूपात हा दिवा अमेरिकेत १९३८ मध्ये विक्रीस आला. ओगलेवाडीच्या काच कारखान्याचे प्रभाकर कंदील घरोघरी लावणाऱ्या या मुलखात वीज आल्यावर आधी पिवळे बल्ब आणि मग ट्यूब आल्या.

चोक दोन प्रकारचे मिळतात. लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळलेला जड चोक ३६ वॅटच्या नळीमागे स्वतः सुमारे १० वॅट खातो, तापतो आणि जुना झाला की गुणगुणतो. इलेक्ट्रॉनिक चोक हलका असतो, आवाज करत नाही आणि वीजही कमी घेतो. पुस्तकी हिशेबाने दुसरा केव्हाही सरस. तरीही या भागात निवड आपल्या लाइनीचा स्वभाव पाहूनच करावी लागते. तासगाव, पलूस, वाळवा या बागायती पट्ट्यात रात्री शेतीपंपांचा भार आला की लाइनीच्या शेवटच्या घरांत दाब उतरतो. तांब्याच्या चोकवरची ट्यूब अशा वेळी नुसती लुकलुकत राहते, आणि लुकलुकण्याच्या प्रत्येक खेपेला टोकांवरचा लेप उडतो. चांगला इलेक्ट्रॉनिक चोक मात्र २३० व्होल्टपेक्षा बऱ्याच खालच्या दाबावरही नळी स्थिर ठेवतो. उलट वळवाच्या पावसात वीज कडाडली, तारा एकमेकींना घासल्या किंवा न्यूट्रल सुटला, की आधी जातो तो इलेक्ट्रॉनिक चोकच. तांब्याचा चोक असे दणके पुष्कळ सोसतो. म्हणून दाब उतरत असेल तिथे इलेक्ट्रॉनिक आणि झटके वारंवार बसत असतील तिथे तांब्याचा, ही निवड छापील कार्यक्षमतेपेक्षा जास्त उपयोगी पडते. दोन्ही त्रास एकाच घरात असतील, तर आधी वायरमनला बोलावून मीटरपासूनची जोडणी तपासून घ्यावी. दिवा बदलून काही साधत नाही.

स्वस्त इलेक्ट्रॉनिक चोक ओळखण्याची एक सोपी खूण आहे. बटण दाबताच झटक्यात लागणारी ट्यूब गिऱ्हाइकाला आवडते, पण असा चोक बहुधा वेटोळी न तापवताच उच्च दाबाने नळी पेटवतो. दर वेळी लेपाचा थोडा भाग निघून जातो आणि काही महिन्यांत टोके काळी पडतात. क्षणभर थांबून लागणारी ट्यूब जास्त टिकते. नळीचे छापील आयुष्य साधारणपणे तीन-तीन तासांच्या चक्रात चाचणी घेऊन ठरवलेले असते. त्यामुळे संडास-बाथरूम किंवा जिना अशा दिवसातून अनेकदा उघडझाप होणाऱ्या जागी कोणत्याही कंपनीची ट्यूब त्या आकड्याला पोचत नाही. भारतीय मानकांत नळीसाठी आयएस २४१८, तांब्याच्या चोकसाठी आयएस १५३४ आणि स्टार्टरसाठी आयएस २२१५ हे क्रमांक आहेत. तांब्याच्या चोकवर त्याचा क्रमांक आणि आयएसआयची खूण दिसत नसेल तर तो परत ठेवावा. दोन फुटी दोन नळ्या एकाच चोकवर ओळीने (सिरीजमध्ये) जोडायच्या असल्यास नेहमीचा स्टार्टर चालत नाही, ४ ते २२ वॅट असे लिहिलेला घ्यावा लागतो. काउंटरवर ही गोष्ट सांगणारा दुकानदार विरळाच.

कारखान्यात प्रश्न नुसत्या उजेडाचा राहत नाही. तांब्याच्या चोकवरची ट्यूब ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या जॉबवर्कच्या शेडमध्ये लेथवर तीन जबड्यांचा चक, म्हणजे काम धरणारी फिरती पकड, मिनिटाला २००० फेऱ्यांनी फिरत असेल, तर सेकंदाला जबडे बरोबर १०० वेळा एका जागेवरून जातात आणि चक थांबल्यासारखा भासतो. चार जबड्यांच्या चकबाबत हेच १५०० फेऱ्यांना घडते. फिरत्या चकला हात लावायला हा भास पुरेसा आहे. उपाय तीन आहेत. शेजारशेजारच्या ट्यूब थ्री फेजच्या वेगवेगळ्या फेजवर विभागणे, दोन नळ्यांच्या जोडपट्टीतल्या एका नळीला कॅपॅसिटर लावून तिचा प्रवाह दुसरीच्या पुढे-मागे करणे, किंवा मशिनवरच्या दिव्यांना इलेक्ट्रॉनिक चोक वापरणे. इलेक्ट्रॉनिक चोक २० किलोहर्ट्झच्या वर चालतो, त्यामुळे हा भास जवळजवळ नाहीसा होतो. शेड कितीही लहान असली तरी लेथ, ड्रिल आणि ग्राइंडरवरच्या दिव्यांना तिसरा उपाय करावा. इथे वळवाच्या झटक्यांची सबब चालणार नाही, एक चोक जादा आणून ठेवावा.

रंगाची पारख करायची असेल तिथे नळीवरचा तीन आकडी कोड वाचावा. ८४० मधला ८ हा रंगदर्शन निर्देशांक, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचे माप, ८० च्या पुढे असल्याचे सांगतो आणि ४० म्हणजे ४००० केल्व्हिन, हे उजेडाच्या छटेचे माप. ८६५ हा पांढरा, निळसर झाक असलेला उजेड. जुन्या हॅलोफॉस्फेट भुकटीच्या नळ्यांवर ७६५ असते. त्यांचा प्रकाश ३६ वॅटला सुमारे २५०० ल्युमेन, तर त्रिरंगी भुकटीच्या (८४०, ८६५ अशा) नळीचा तेवढ्याच वॅटला ३२५० च्या आसपास. हॅलोफॉस्फेटच्या उजेडात तांबड्या छटा दबतात. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत भोपळ्यावर चढवलेले तांबूस पॉलिश या उजेडात मळकट दिसते आणि सकाळी दारात नेल्यावर वेगळेच निघते. सांगलीच्या बाजारात हळदीचा रंग पाहणाऱ्यालाही तोच धोका. स्वयंपाकघर, कापडदुकान, टेलरिंग यांसाठी ८४० घ्यावी. गोठा, पार्किंग, गोदाम यांना काहीही चालते.

जाडीवरून टी-१२ म्हणजे ३८ मिलिमीटर, टी-८ म्हणजे २६ आणि टी-५ म्हणजे १६ मिलिमीटर. पहिल्या दोघींचे होल्डर सारखे असतात. टी-५ मात्र ४ फुटीपेक्षा थोडी आखूड, तिच्या पिना जवळजवळ आणि चोक इलेक्ट्रॉनिकच, त्यामुळे जुन्या पट्टीत ती तशीच बसत नाही.

जागेचे हवामानही पाहावे लागते. टी-८ नळीचा उजेड सुमारे २५ अंश सेल्सियसला आणि टी-५ चा ३५ अंशांच्या आसपास सर्वाधिक असतो. म्हणून जत, आटपाडीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये टी-५ चांगली चालते, तर महाबळेश्वर-पाचगणीच्या गारठ्यात उघड्या व्हरांड्यातली ट्यूब मंद वाटते. महाबळेश्वरच्या पावसाळी दमटपणात होल्डरचे पितळी पत्रे हिरवे पडतात. तिथे झाकणबंद, रबरी गॅसकेटची पट्टी आणि नीट अर्थिंग हवे. विट्याच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये नळीवर सुताचा भुरका साचून उजेड उतरतो. बऱ्याच जणांना तो नळी म्हातारी झाल्याचा पुरावा वाटतो. खरे तर मेन स्विच बंद करून कोरड्या फडक्याने पुसणे हाच पहिला उपाय. कृष्णेच्या पुरात बुडालेल्या पट्ट्या वाळवून परत लावू नयेत, निदान चोक आणि होल्डर तरी बदलावेत.

नळी फुटली तर खिडक्या उघडून काही मिनिटे खोली मोकळी ठेवावी, तुकडे जाड कागदाने गोळा करून ओल्या कापडाने जागा टिपावी. केरसुणी फिरवू नये, कारण पारा आणि भुकटी त्याने खोलीभर पसरते. पाऱ्याच्या दिव्यांचा समावेश २०१६ च्या ई-कचरा नियमांत झाला होता, आता त्यांच्या जागी २०२२ चे नियम आहेत. भंगारवाल्याला मात्र पट्टीचा पत्रा आणि चोकमधले तांबेच हवे असते, नळी गटारीच्या कडेला फुटते.

आता भरवशाचा मोठा भाग सुटे भाग मिळण्यावर येऊन ठेपला आहे. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. २०२३ च्या जिनिव्हा परिषदेत हॅलोफॉस्फेट नळ्यांचे उत्पादन व आयात-निर्यात २०२६ पर्यंत आणि त्रिरंगी भुकटीच्या नळ्यांचे २०२७ पर्यंत थांबवण्याचे ठरले. त्यामुळे नव्या घराला ट्यूबची पट्टी घेण्यात अर्थ उरलेला नाही. चालू पट्ट्या असतील तर दोन-चार नळ्या व स्टार्टर जपून ठेवणे किंवा त्याच पट्टीत एलईडी ट्यूब बसवणे हे दोन मार्ग आहेत. एलईडी ट्यूब घेताना ती चोकसह चालणारी आहे की थेट लाइनीवरची, हे खोक्यावर वाचावे. थेट लाइनीवरच्या नळीसाठी चोक आणि स्टार्टर काढून टाकावे लागतात. काही नळ्यांना फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच टोकाला लागतात, तर काहींना दोन टोकांना. दुसऱ्या प्रकारात एक टोक होल्डरमध्ये अडकवून दुसरे हातात धरले तर मोकळ्या पिनेतून झटका बसू शकतो, म्हणून स्विच बंद केल्याशिवाय नळी फिरवू नये. काम झाल्यावर वायरमनने पट्टीवर ‘चोक काढला आहे’ अशी चिठ्ठी चिकटवावी, नाहीतर पुढचा माणूस तिथे जुनी ट्यूब लावून बसतो.