जुना वॉलपेपर काढणे

भिंतीला चिकटवलेला नक्षीचा कागद ओला करून, त्यामागची खळ मऊ पाडून तो खरवडून काढण्याचे काम. ब्रिटन-अमेरिकेतल्या जुन्या घरांत रंगकामाआधी हे नेहमी निघते आणि एका कागदाखाली दुसरा, त्याखाली तिसरा असे थरही सापडतात. ब्रिटनमध्ये छापील कागदावर १७१२ साली बसवलेला कर १८३६ मध्ये उठला, यंत्रावरची छपाई आली आणि हा कागद साध्या घरांतही पोचला.

अडून बसते ती खळ. जुनी खळ गव्हाच्या पिठाची किंवा स्टार्चची, म्हणजे आपण पतंग चिकटवायला शिजवतो तीच. पाणी मिळाले की ती फुगून सुटते, त्यामुळे खरे औषध गरम पाणी. त्यात भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब घातले तर पाण्याचा पृष्ठताण घटतो आणि ते कागदात लवकर मुरते. कपड्यांचे फॅब्रिक कंडिशनरही याच कामासाठी वापरतात. पांढऱ्या व्हिनेगरचा बोलबाला मोठा आहे, पण बरेचसे श्रेय ते ज्यात मिसळतात त्या गरम पाण्याचेच. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करू नये. आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात, फेस तेवढा उरतो. व्हिनेगर आणि ब्लीच तर कधीच एकत्र येऊ देऊ नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

भिंत भिजवण्याआधी त्या खोलीची वीज मेन स्विचवरून बंद करावी. व्हायनिल कागदाचा वरचा प्लास्टिकचा थर पाणी आत जाऊ देत नाही; तो कोरडाच ओढून काढावा, मग मागे राहिलेला कागद भिजवावा. पंधरा-वीस मिनिटे थांबून पुन्हा ओले करावे आणि पुट्टीची पात भिंतीला जवळजवळ टेकवून, तिरपी सरकवावी. घाई केली की पात गिलाव्यात रुतते आणि खड्डे बुजवण्याचे काम वाढते. अमेरिकेत भिंती बहुधा जिप्सम बोर्डाच्या असतात. त्या बोर्डावर स्वतःचा कागद असतो, म्हणून तिथे पाणी बेतानेच वापरावे.

फार जुन्या हिरव्या कागदाला कोरडा घासू नये. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ कार्ल शेले याने १७७५ मध्ये शोधलेला हिरवा रंग विषारी आर्सेनिकचा होता, आणि एकोणिसाव्या शतकातल्या अनेक वॉलपेपरांत तो वापरला गेला. खालच्या जुन्या रंगात शिसेही असू शकते; अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली ती १९७८ मध्ये. अशा घरात आधी तपासणी करून घ्यावी. पण निर्धोक ठरलेला जुना थर सापडला, तर त्याचा हातभर तुकडा जपून ठेवावा. घराच्या इतिहासाचा तेवढाच पुरावा उरतो.

कागद निघाल्यावर भिंतीवर चिकट साय राहते. ती कोमट पाण्याने, दर वेळी स्पंज पिळून, हाताला बुळबुळीत लागेनाशी होईपर्यंत धुवावी. ती तशीच राहिली तर नव्या रंगाला भेगा जातात आणि पोपडे सुटतात. भिंत पूर्ण वाळल्याशिवाय पुट्टी भरू नये.