गवती चहा आणि सोन्याचे त्रिकोण

सोनं पिवळं दिसतं, पण त्याचे पंधरा-वीस नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) कण पाण्यात विखुरले तर ते पाणी लालभडक होतं. मायकेल फॅरडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये असं लाल द्रावण केलं. हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचाच आहे, असं त्याने १८५७ मध्ये मांडलं.

असे कण बनवायची प्रयोगशाळांमध्ये आजही रुळलेली कृती जॉन टर्केविच हे रसायनशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, १९५१ सालची. क्लोरोऑरिक आम्लाचं, म्हणजे सोनं असलेल्या एका संयुगाचं, फिकट पिवळं द्रावण उकळत ठेवायचं आणि ढवळता ढवळता त्यात सोडियम सायट्रेट घालायचं. आधी पिवळेपणा उडून जातो. मग द्रावण करडं-निळसर होतं, जांभळ्याकडे झुकतं आणि काही मिनिटांत लाल होऊन स्थिरावतं. सायट्रेट सोन्याच्या आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) धातू करतं आणि तयार कणांना वेढून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाही. सायट्रेट कमी घातलं तर कण मोठे होतात, हे फ्रेन्स या संशोधकाने १९७३ मध्ये दाखवलं. त्याच लाल द्रावणात मीठ टाकलं, तर कण एकत्र येतात आणि रंग निळा पडतो.

कणांना हे रंग का येतात? धातूत मोकळे इलेक्ट्रॉन असतात. प्रकाश पडला की ते सगळे मिळून मागेपुढे हेलकावतात. ज्या तरंगलांबीला हे हेलकावे सर्वांत जोरात होतात, कण तो प्रकाश गिळतो. लहान गोल कणांसाठी ही तरंगलांबी सुमारे ५२० नॅनोमीटर, म्हणजे हिरवा प्रकाश. तो वजा झाला की लाल उरतो. कण लांबट किंवा चपटा असेल, तर इलेक्ट्रॉनांना लांबीच्या दिशेने जास्त वाव मिळतो आणि शोषण लाल प्रकाशाकडे, त्याही पलीकडे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्ताकडे सरकतं. गोल कणाचं आकारमान बदलून रंग थोडाच हलतो. घडण बदलली की मात्र पार पालटतो.

इथे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं काम आवर्जून सांगायला हवं, कारण आपल्याकडे ते फारसं कुणाला ठाऊक नाही. मुरली शास्त्री यांच्या गटाने गवती चहाच्या पानांचा अर्क क्लोरोऑरिक आम्लात मिसळला. उकळणं नाही, काही नाही. साध्या खोलीच्या तापमानाला सोन्याचे पातळ, सपाट त्रिकोण तयार झाले. हे संशोधन २००४ मध्ये ‘नेचर मटेरियल्स’मध्ये छापून आलं. आधी बारीक गोल कण बनतात, ते जवळजवळ द्रवासारखे वागत एकमेकांत मिसळतात आणि त्यातून त्रिकोण घडतो, असं त्यांना आढळलं.

पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं की अर्काचं प्रमाण बदलून त्रिकोणांचं आकारमान आणि त्यासोबत अवरक्त शोषणही बदलता येतं. अर्क वाढवला की त्रिकोण लहान होतात आणि सोबतचे गोल कण वाढतात. असे त्रिकोण काचेवर बसवले तर ते उन्हातला अवरक्त भाग शोषतात. म्हणून खिडक्यांच्या काचांवरच्या लेपासाठी त्यांनी ते सुचवले.