बार्का व्हेल्या: ब्रँडीविना मुरलेली दोउरोची वाइन

१२ मे १८६१ रोजी पोर्तुगालमधल्या दोउरो नदीत, व्हालेइराच्या खळाळात एक होडी उलटली. होडीत पोर्तोचा इंग्रज वाइन-व्यापारी बॅरन जोसेफ जेम्स फॉरेस्टर होता आणि खोऱ्यातल्या बड्या मळेवाल्या दोना अंतोनिया फरेरा होत्या. फॉरेस्टर बुडाला, बाई वाचल्या. बाईंच्या घेरदार झग्यात हवा भरली म्हणून त्या तरंगल्या आणि फॉरेस्टरला कमरेच्या पट्ट्यातल्या नाण्यांनी तळाशी नेलं, अशी गोष्ट तिकडे अजून सांगतात. सांगणाऱ्यांनी तिला थोडा रंग चढवला असेलच. पण बार्का व्हेल्या या वाइनचा इतिहास सांगायला या होडीइतकी सोयीची सुरुवात नाही.

फॉरेस्टरने या नदीचा तपशीलवार नकाशा काढला होता. व्यापाऱ्यांशी मात्र त्याचं वैर होतं. १८४४ साली त्याने एक निनावी पत्रक काढलं. दोउरोच्या द्राक्षांची साधी, गोडवा न ठेवलेली वाइन उत्तम होऊ शकते. तिच्यात ब्रँडी ओतून आणि एल्डरबेरी या गडद फळाचा रंग मिसळून तुम्ही ती बिघडवता, असा त्याचा आरोप होता. भेसळीबाबत तो बरोबर होता. ब्रँडीच्या बाबतीत माझ्या मते त्याने डोंगराला जरा कमी लेखलं.

हा डोंगर काय आहे ते आधी पाहू. मारांव पर्वतरांग अटलांटिकचा पाऊस अडवते, त्यामुळे आतलं खोरं उन्हाळ्यात भाजून निघतं. ‘नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक’ अशी तिथली म्हण आहे. पोर्तुगीजमध्ये हिवाळा आणि नरक या शब्दांचं छान यमक जुळतं. उतार इतके उभे की बऱ्याच मळ्यांत यंत्र चढत नाही. माती म्हणावी अशी माती नाही, शिस्टचा पापुद्र्यांचा खडक. तो फोडायचा, त्याच दगडांचे गडगे रचायचे, मागे भर घालून पायरी करायची आणि तीवर वेल लावायची. खडकाचे थर उभे फाटलेले असल्याने मुळं त्यांतून खोल जातात आणि उन्हाळा काढतात.

अशा द्राक्षांत साखर भरपूर. रस आंबताना मुळातच उष्णता सुटते. त्यात बाहेरचं ऊन. तापमान फार वाढलं की यीस्ट मरतं, आंबवण अर्धवट अडकतं आणि रसाचा व्हिनेगर व्हायला वेळ लागत नाही. यावर जुना आणि हमखास उपाय म्हणजे अर्धवट आंबलेल्या रसात ब्रँडी ओतणं. यीस्ट तिथेच थांबतं, साखर शिल्लक राहते, वाइन टिकते. हीच पोर्ट. साधारण चार भाग रसाला एक भाग ब्रँडी, मिळून ५५० लिटरचं एक ‘पिपा’. आपल्या मराठीतलं ‘पिंप’ याच पोर्तुगीज शब्दावरून आलं.

बाजारानेही तेच मागितलं. १७०३ च्या मेथ्युएन करारामुळे इंग्लंडात पोर्तुगीज वाइनवरची जकात फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांशाने कमी झाली आणि मागणी वाढली. पाठोपाठ भेसळही वाढली. १७५६ साली पोर्तुगालचा कारभारी मंत्री मार्केस द पोंबाल याने खोऱ्याची हद्द ठरवून दिली, सीमेवर ग्रॅनाइटचे खांब रोवले गेले, एल्डरबेरीची झाडं उपटायचे हुकूम निघाले. म्हणजे फॉरेस्टर बोलत होता तोवर ही सगळी घडी जवळपास शंभर वर्षं बसलेली होती. तो गेला आणि विषयही मागे पडला. मग फिलॉक्सेरा ही वेलींची मुळं पोखरणारी कीड आली. वेली वाळल्या, कित्येक पायऱ्या कायमच्या ओस पडल्या. त्या काळात दोना अंतोनियांनी जमिनी घेतल्या, नव्या लागवडी केल्या. स्पेनच्या हद्दीजवळच्या वरच्या दोउरोतला व्हाले मेआंव हा मळा त्यांचं अखेरचं मोठं काम. १८९६ साली त्या वारल्या.

फॉरेस्टरचं म्हणणं खरं करून दाखवलं ते बाईंच्याच फरेरा कंपनीने, बाईंच्याच व्हाले मेआंव मळ्यात, आणि तेही १९५२ साली. कंपनीचे तंत्रज्ञ फर्नांदु निकोलाऊ द अल्मेईदा फ्रान्सच्या वाइनसाठी नावाजलेल्या बोर्दोला जाऊन आले होते. तिथली पद्धत समजली, पण तिथला गारवा कुठून आणणार? मेआंवला वीज नव्हती. मग किनाऱ्यावरच्या मातोझिन्युश या मासळीच्या बंदरातून बर्फाच्या लाद्या भुशात गुंडाळून ट्रकने डोंगर ओलांडून आणल्या आणि आंबत्या रसाचा ताप उतरवला. दुसरी युक्ती डोंगरानेच दिली. नदीकाठच्या मेआंवच्या पिकल्या द्राक्षांत त्यांनी मेदा या गावाकडच्या उंचावरची, आंबटपणा टिकवून असलेली द्राक्षं मिसळली. मला बर्फापेक्षा ही युक्ती जास्त हुशारीची वाटते; बर्फाने आंबवण सांभाळलं, वाइनला पुढची कित्येक वर्षं मुरण्याची ताकद मिळाली ती आंबटपणातून.

नाव ठेवलं बार्का व्हेल्या, म्हणजे जुनी होडी. पुढचा नियम तर व्यापाऱ्याच्या जिवावर येणारा. लाकडी पिंपात साधारण दीड वर्ष, मग बाटलीत अनेक वर्षं, आणि त्यानंतर ठरवायचं की ही बार्का व्हेल्या आहे की नाही. नसेल तर ती रेझर्व्हा एश्पेसियाल या धाकट्या नावाने विकायची. १९६६ नंतर थेट १९७८ च्याच द्राक्षांना ते नाव मिळालं. २०११ ची वाइन बाजारात यायला २०२० उजाडलं.

मळा मात्र आता वेगळा आहे. १९८७ साली फरेरा कंपनी सोग्रापे या पोर्तुगीज वाइन कंपनीने विकत घेतली. व्हाले मेआंव दोना अंतोनियांच्या वंशजांकडे राहिला आणि १९९९ पासून ते तिथली वाइन मळ्याच्याच नावाने काढतात. बार्का व्हेल्याची द्राक्षं आता प्रामुख्याने किंता दा लेदा या त्याच वरच्या खोऱ्यातल्या मळ्यातून येतात.