मोडीतून दिवाणखान्यात

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात, तर एखादं पितळी भांडं हातात घेऊन सावकाश फिरवून बघा. काठाखाली किंवा पोटावर टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं बहुतेक वेळा सापडतात. एक नाव, कुणाकडून कुणास सप्रेम भेट, आणि एक तारीख. आहेराच्या भांड्यावर नाव घालून देण्याची आपल्याकडे पद्धत होती. पूर्वी छिन्नी-हातोडीनं घालत, पुढे भांड्यांच्या दुकानातल्या टकटक वाजणाऱ्या यंत्रानं. ज्या मुलीच्या लग्नाची ती तारीख असते, तिच्या संसारातलं ते भांडं आता अनोळखी माणसाच्या दिवाणखान्यात, खिडकीशी, मनीप्लँटची कुंडी म्हणून जाणार असतं.

जुन्या वस्तू हुडकून घर सजवण्याची आवड गेल्या काही वर्षांत चांगलीच वाढली आहे. आंघोळीच्या घंगाळात पाणी भरून फुलं तरंगत ठेवतात, दारात पाणी तापवायचा बंब उभा करतात, धान्य मापायच्या पायलीत पेनं ठेवतात, वाड्याच्या दिंडी-दरवाजाचं टेबल करतात. मला हे सगळं मनापासून आवडतं. पण या वस्तू फार जुन्या काळातल्या नाहीत. पन्नास-साठ वर्षांपूर्वी त्या आपल्याच घरांत रोजच्या वापरात होत्या. त्या घराबाहेर का पडल्या, हे कळलं तर आज त्यांना परत आणताना आपण त्यांच्याशी थोडं बरं वागू.

पहिलं कारण स्वयंपाकघरातलं आहे, ते म्हणजे कल्हई. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो. आमटी हिरवट होते, चव बिघडते आणि पोटालाही बाधते. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर द्यावा लागे. कल्हईवाला गल्लीत येऊन भाता मांडायचा, भांडं कोळशावर तापवायचा आणि त्यात नवसागराची पूड टाकायचा. पांढरा धूर उठला की कथलाची कांडी टेकवून तो कापसाच्या बोळ्यानं तो वितळलेला थर भांडंभर फिरवायचा. मग भांडं पाण्यात बुडवलं की चर्र आवाज व्हायचा, आणि भोवती जमलेली पोरं त्या आवाजासाठीच थांबलेली असायची. बघायला हे सुंदर होतं, पण जिला दर काही महिन्यांनी खर्च करायचा असे आणि रोज चिंच-राखेनं भांडी घासायची असत, तिच्या दृष्टीनं ते ओझंच होतं. साठ-सत्तरच्या दशकांत स्टेनलेस स्टील मध्यमवर्गीय घरांत येऊ लागलं. कल्हई नको, चिंच नको, कळकणं नाही. बायकांनी स्टील घेतलं ते अगदी शहाणपणानं घेतलं. ‘आपण परंपरा सोडली’ अशी हळहळ ऐकली की मला त्या राखेनं फुटलेल्या बोटांची आठवण करून द्यावीशी वाटते.

घरात गॅस आला तसा बंब मागे पडला. नळ आले, बाथरूम आली, तसं घंगाळ आणि सतेलंही मागे पडलं. भांडी जात ती वजनावर. जुन्या पितळेला ‘मोड’ म्हणतात. मोड घालून, वर पैसे देऊन नवं भांडं घ्यायचं. एखादी गोष्ट ‘मोडीत काढली’ असं आपण सहज म्हणतो, त्या बोलण्यामागे हाच व्यवहार आहे. घडणावळीचे पैसे शून्य, नक्षीचे शून्य, फक्त धातूचे. किती ठाणवया म्हणजे उंच उभे दिवे, किती पानाचे डबे आणि खणांचे चौफुले असे भट्टीत वितळले असतील, याची मोजदाद कुणीच ठेवली नाही.

काही वस्तू मात्र कायद्यानं बाद झाल्या. धान्याची मापं त्यांतली. दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे एक चिपटं, दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. दर पायरीला दुप्पट, म्हणून शाळा न शिकलेल्या बाईलाही हा हिशोब बोटांवर यायचा. १९५६ साली मेट्रिक पद्धतीचा कायदा झाला, १९५८पासून टप्प्याटप्प्यानं किलो आणि लिटर आले, आणि लाकडाची, पत्र्याची, पितळेची ही सगळी उतरंड बाजारातून उठली. आज ती मापं सजावटीत सगळ्यात जास्त दिसतात, कारण ती एकात एक बसणारी, देखणी आणि टिकाऊ आहेत. त्यांतल्या एकाला मात्र मान अजून आहे. नवी नवरी उंबरठ्यावरचं तांदळानं भरलेलं माप पायानं लवंडून घरात येते. त्यासाठी पुष्कळ घरांनी एक शेर जपून ठेवला.

आणि मग वाडे गेले. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे एका दिवसात कोसळले. उरलेले पुढच्या दशकांत एकेक करून इमारतींसाठी पाडले गेले. माजघर, कोनाडे, खुंट्या, कडीपाट गेले की त्यांच्याबरोबरच्या वस्तूंना जागाच उरत नाही. सातशे चौरस फुटांच्या फ्लॅटमध्ये जातं कुठे ठेवणार? झोपाळ्याच्या पितळी कड्या कशाला अडकवणार?

कापडाची गोष्ट याहून चटका लावणारी आहे. जुने कपडे घेऊन बदल्यात भांडी देणारी बोहारीण आपल्या सगळ्यांना आठवते. पाटीत स्टीलचे डबे, खांद्यावर गाठोडं, आणि एका पातेल्यासाठी दुपारभर चालणारी घासाघीस. साड्यांवर भांडी देऊन तिनं कितीतरी स्वयंपाकघरं स्टीलची केली. आणि ‘जुनी जर’ अशी हाळी देत येणारे वेगळे. ते जरीच्या साड्या वजनावर घेत आणि जाळत, कारण खऱ्या जरीत चांदी असते आणि रेशीम जळालं की ती हाती लागते. आजीच्या पैठणीचं शेवटी चांदीच्या एका छोट्या गोळ्यात रूपांतर होई. आज जुन्या पैठणीचा काठ किंवा पदरावरचा मोर चौकटीत बसवून भिंतीवर लावलेला दिसतो, तेव्हा त्या आगीतून काहीतरी सुटलं याचं मला खरोखर समाधान वाटतं.

या वस्तू मोडीत जात असताना त्या उचलून घेणारा एक माणूस पुण्यात होता. दिनकर गंगाधर केळकर हे चष्म्याचे दुकानदार आणि ‘अज्ञातवासी’ या नावानं लिहिणारे कवी. १९२०च्या सुमारास त्यांनी संग्रहाला सुरुवात केली आणि १९६०पर्यंत त्यांच्याकडे सुमारे १५ हजार वस्तू जमल्या होत्या. लहानपणी गेलेल्या राजा या मुलाच्या नावानं त्यांनी संग्रहालय उभं केलं आणि नंतर सगळं राज्य शासनाच्या हवाली केलं. केळकरांनी तलवारी आणि मूर्तींइतक्याच प्रेमानं अडकित्ते, दिवे, दौती, वज्र्या, करंडे, किसण्या जमवल्या. वज्री म्हणजे पाय घासायचा ओबडधोबड तुकडा, पण वर बसवलेल्या मुठीला मोर किंवा हत्ती. रोजच्या वस्तूत कारागिराचा जीव असतो आणि ती जपण्याजोगी असते, ही नजर मराठी माणसाला केळकरांनी दिली असं मी मानतो. आज जुन्या बाजारात अडकित्ता शोधणारी पंचविशीतली मुलगी नकळत त्यांच्याच वाटेनं चालली आहे.

गोव्यात असंच काम व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी केलं. बाणावलीचं ‘गोवा चित्र’ हे शेतीच्या आणि घरच्या जुन्या अवजारांचं संग्रहालय आहे आणि त्याची इमारतही पाडलेल्या जुन्या घरांच्या दारं-खिडक्या, खांबांतून उभी राहिली आहे. काचेऐवजी पातळ शिंपले बसवलेल्या खिडक्या हे गोव्याच्या जुन्या घरांचं वैशिष्ट्य. आतला उजेड दुधाळ होतो. त्या झडपा आज दिव्यांच्या आवरणासाठी किंवा पडद्यासारख्या वापरलेल्या दिसतात.

मुंबईत हा व्यापार दोन ठिकाणी एकवटला. भेंडीबाजाराजवळच्या चोरबाजारात ग्रामोफोन, घड्याळं, काचेच्या हंड्या, जहाजांवरचे दिवे आणि जुनी पोस्टरं मिळतात, तर जोगेश्वरीच्या ओशिवऱ्यात पाडकामातून आलेले खांब, दारं आणि शिसवी फर्निचर. ओशिवऱ्यात जाताना मोजमापाची टेप खिशात असू द्या. जुनं दार आजच्या लिफ्टमध्ये मावत नाही.

बाजारात सापडणाऱ्या पुष्कळ गोष्टी हाताच्या नसून कारखान्याच्या असतात, आणि त्यांचा इतिहासही तितकाच आपला आहे. काळा पडलेला, बंद काचेचा कंदील मिळाला तर त्यावर ‘प्रभाकर’ आहे का पाहा. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याचा तो कंदील. त्याआधी, १९०८ साली, सामान्य लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून उभ्या राहिलेल्या पैसा फंडातून तळेगाव दाभाड्याला काच कारखाना निघाला होता. स्वदेशीची ती हवा होती आणि परदेशी काचेला देशी उत्तर देण्याची जिद्द होती. लोणच्याची पिवळी-तपकिरी बरणीही अशीच. सौराष्ट्रात ठाणगढ, वांकानेर, मोरबी भागात परशुराम गणपुले या मराठी माणसानं परशुराम पॉटरी उभी केली. तिथल्या चिनी मातीच्या वस्तूंनी मराठी घरांच्या फळ्याही भरल्या. आज त्याच बरणीत सुकलेलं गवत आणि कापसाची बोंडं खोचून ठेवतात, आणि ती शोभतातही.

तसंच राजा रवि वर्म्यांच्या छापील चित्रांचं. त्यांचा छापखाना १८९४ साली गिरगावात सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. लक्ष्मी-सरस्वतीची ही चित्रं घरोघर लागली. बायका त्यांवर खरी जर, टिकल्या, मणी, कापडाचे तुकडे चिकटवून देवीला साडी नेसवत. अशी नटवलेली चित्रं आज साध्या छापापेक्षा जास्त शोधली जातात.

आणि इथेच हातानं करायच्या सजावटीचा धागा सापडतो. सुतळी गुंडाळलेली बाटली, कागदाच्या लगद्याची परडी, चिंध्यांचं पायपुसणं ही आज ‘सोपी हस्तकला’ म्हणून शिकवली जाते. आपल्याकडे तिचं मोठं प्रदर्शन रुखवतात भरायचं. मुलीच्या लग्नात मांडवाच्या एका बाजूला टेबलं लावून तिनं आणि तिच्या मैत्रिणींनी केलेल्या वस्तू मांडायच्या. मण्यांची तोरणं, क्रोशाचे रुमाल, काड्यापेट्यांची बैलगाडी, शंख-शिंपल्यांचा गणपती, जरीच्या तुकड्यांचं तुळशीवृंदावन. फुकट गेलेल्या वस्तूतून शोभेची वस्तू करण्याची ती शाळाच होती. रद्दी दोन-तीन दिवस भिजत घालायची, कुटायची, त्यात मेथीचं पीठ कालवायचं म्हणजे लगदा चिकट होतो आणि कीड लागत नाही, मग पालथ्या पातेल्यावर थापून वाळवायचा. सुटलेली परडी हलकी आणि टणक असते, आणि वर्षानुवर्षं टिकते. बाजारातल्या फेव्हिकॉलच्या लगद्याहून मला ही जुनी रीत जास्त भरवशाची वाटते.

गोधडी याच कुळातली. विटलेल्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्यानं शिवायचे, टाके काठाकडून आत आत नेत चौकोनात चौकोन करत जायचे. गोधडी कुणासमोर मांडण्यासाठी नसे, ती पाहुण्यांपासून लपवायची वस्तू होती. आज सोफ्यावर अंथरायला तिलाच मागणी आहे आणि गावोगावच्या बायकांना त्याचा रोजगार मिळतो. मागणाऱ्यानं एवढं करावं की नव्या चिटाच्या ठिगळांऐवजी घरचीच जुनी सुती कापडं द्यावीत. धुवून धुवून मऊ झालेल्या सुताची ऊब नव्या कापडाला येत नाही.

वारली चित्रांचं मात्र वेगळं आहे. बाटलीवर, मडक्यावर, ट्रेवर सगळीकडे ती रंगवली जातात, पण ती मुळात नुसती शोभा नव्हती. लग्नाच्या वेळी घराच्या गेरूनं किंवा शेणानं सारवलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं चौक लिहीत आणि त्यात पालघट देवी बसे. ही कला सत्तरच्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णींमुळे शहरापर्यंत आली आणि वारली कलावंत जिव्या सोमा मशे यांनी ती कागदावर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. मडक्यावर तारपा नाच जरूर काढा, देवीचा चौक सोडून द्या.

खरेदी करणाऱ्यानं एक कायदाही लक्षात ठेवावा. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावशेष ठरू शकते. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षं आहे. अशा वस्तू विकायला परवाना लागतो, मूर्तींसारख्या काही प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि त्या खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या मुलीकडे जाताना बॅगेत देवळातली समई घालण्याआधी ती किती जुनी आहे हे विचारून घ्या.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून हातोडीचा आवाज आहे. कोकणातून आलेले हे कारागीर तोफांचे भाग, नाणी, भांडी आणि नंतर बंब घडवत. पत्र्यावर ठोके देऊन उमटवलेल्या खळग्यांना मठारकाम म्हणतात. त्यानं पत्रा कणखर होतो आणि उजेडही खेळतो. बंबांची गिऱ्हाइकं संपली तेव्हा आळीतल्या भट्ट्या एकेक करून थंड होत गेल्या. आता तिथेच दिव्यांची आवरणं, वाडगे, कुंड्या मठारल्या जातात, कारण शहरातल्या घरांना जुनं वाटेल असं नवं तांबं हवं आहे. जुन्या बाजारात मनासारखं घंगाळ नाही मिळालं तर तिथून आळी पायी जाण्याच्या अंतरावर आहे. तिथे नवं करून मिळेल, आणि सांगितलंत तर काठाखाली नावही घालून मिळेल.